काळीतल्या खुंट्या

अमरावती, फाल्गुन वद्य ४, शके १७८५

ती. दादास,
देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आमी समदे बरे हाओत. तुह्यं मात्र काही समजून नाई राहिलं. आपला गाडी हाकनारा धुरकरी नत्थुजी कापसाच्या गाड्या अकोल्याले रिकाम्या करून काल परतला. त्यानं तुले बोराळ्याच्या नाल्यावर पाह्यलं. म्हने, भगवंतराव दगडावर बसले होते, समोर तीन पायाचं यंत्र, आन् डोक्स्याले हात. त्यानं राम राम घातला तर तू नुसता हो हो म्हनला, वळखलं बी नाई. आईनं हे आयकलं तवापासून तिची भाकर तव्यावर करपून राहिली.

पुन्याच्या शाळेतून तुले रस्त्याचं काम शिकाले अकोल्याले धाडलं, हे आबा समद्या गावाले सांगत फिरतात. दर खेपेला यंत्र एक बोट मोठं होते. त्याहिले तू आजारी हायेस असं मी सांगितलं नाई.

काय झालं ते मले लिही. मी कोनाले सांगनार नाई. तुले माहीतच हाय, मी बोलतो कोनासंगं.

तुह्या पत्राची वाट पाह्यनारा,
देवीदास

•

अकोला, फाल्गुन वद्य ११, शके १७८५

चि. देवीदास यास,
भगवंताचा आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र नत्थुजीनं पगडीतून काढून दिलं. आजारी नाही, थकलो आहे. आईला तेवढं सांग.

गोष्ट अशी आहे. बोराळ्याच्या नाल्याशी कापसाच्या गाड्या अडतात. पावसाळ्यात तर आठ-आठ दिवस थांबून राहतात. आमच्या साहेबानं मला आणि माझ्या संगतीच्या दांडेकराला तिथं नेऊन उभं केलं आणि म्हणाला, इथं काय करायचं ते तुम्ही सांगा. मी विचारलं, पाणी किती येतं? म्हणाला, तेही तुम्हीच सांगा. पूल बांधायचा का? तेही तुम्हीच. आणि तंबूत निघून गेला.

देवीदास, पुण्यात तीन वर्षं मी एक गणित चुकलो नाही. पण तिथं गणितात सगळं दिलेलं असायचं. लांबी दिलेली, वजन दिलेलं, आणि उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर. इथं शेवटचं पान नाही आणि पहिलंही नाही.

मी तीन कमानींच्या पुलाचं चित्र काढलं. चांगलं निघालं होतं. साहेबानं पाया कुठं विचारलं, मी काठावर ठोकलेल्या माझ्या खुंटीकडे बोट केलं. त्यानं चित्र गुंडाळून माझ्या हातात परत दिलं. वैशाखी पुनवेपर्यंत मुदत आहे. तोवर जमलं नाही तर ज्याचं नाव कमी करायचं त्याच्या कागदावर तो सही करणार. मग आबांच्या समोर कोणत्या तोंडानं येऊ?

तू शाळा सोडलीस तेव्हा मी तुला भित्रा म्हणालो होतो. ते आता आठवतं.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
भगवंत

•

अमरावती, चैत्र शुद्ध ३, शके १७८६

ती. दादास,
देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

पाडव्याले आईनं तुह्या वाट्याची पुरनपोळी काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी मी खाल्ली. राग मानू नको, तूच आला नाई.

तुह्यं पत्र चार डाव वाचलं. मले पूल कळत नाई. पन मी आता नत्थुजीसंगं गाडीवर जातो, तो नाला मले ठाऊक हाय. तू जिथं बसला होता तिथून कोनतीच गाडी जात नाई. भरल्या गाड्या तिथून पाव कोस वरती जातात, चिचेच्या झाडापाशी उतरतात आन् फेरा घेऊन परत रस्त्याले लागतात. मी नत्थुजीले विचारलं, काहून? तर म्हने, बैलाले विचार, मी कायले सांगू.

तुवा कोन्या धुरकऱ्याले विचारलं काय? का नुसतं यंत्रातून पाह्यलं? यंत्रात मानूस उलटा दिसते म्हनतात. उलट्या मानसाले विचाराले लाज वाटत असन तर सांग.

हे गमतीनं लिहिलं. तू जेवत जा.

तुहाच,
देवीदास

•

अकोला, चैत्र शुद्ध १२, शके १७८६

चि. देवीदास यास,
आशीर्वाद वि. वि.

कोणाला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे कोणी शिकवलं नाही. चिंचेजवळ जाऊन आलो. तिथं चाकोऱ्या आहेत खऱ्या, पण फेरा पडतो, आणि रस्ता सरळ असावा असं आम्हाला शिकवलेलं आहे.

माझं दुखणं आता दुसरंच आहे. मी नाल्याच्या काठी सात खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येकीची उंची मोजून लिहिली. आठ दिवसांनी पुन्हा मोजली, एकही जुळेना. पुन्हा मोजली. रामनवमीला अवकाळी सर येऊन गेली, त्यानंतर मोजली तर आणखी तिसरंच काही. तीन तर वाकड्याच झाल्या. सगळी आकडेमोड नऊ वेळा केली. शेवटी दांडेकराला म्हणालो, तू यंत्राला धक्का लावतोस. तो म्हणाला, वऱ्हाडी लोकांना धड उभं राहून मोजता येत नाही. दोन दिवस झाले, एका तंबूत राहतो आणि बोलत नाही.

मला आता झोपल्यावरही खुंट्याच दिसतात. हे काम माझ्याच्यानं होणार नाही असं वाटायला लागलं आहे. तू आबांना हळूहळू तयार करून ठेवशील का? तुलाच सांगतो, कारण तू कोणाला बोलणार नाहीस.

तुझा लोभ आहे म्हणून एवढं लिहवतं.
भगवंत

•

अमरावती, चैत्र वद्य २, शके १७८६

ती. दादास,
देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

मी आबाले काही तयार केलं नाई.

दादा, तू खुंट्या काळीत ठोकल्या. त्या जागेवर राहतीन कशा? भातकुलीच्या वावरातली खोली विसरला काय? आबानं राखनीसाठी हौसेनं वावरात पक्क्या ईटांची खोली बांधली, तू दहा वर्साचा होता, मी तुह्या कडेवर. तीन सालात भिंतीले अशी भेग गेली का आपन तिच्यातून एकमेकाचं तोंड पाह्यत होतो. तवा आजा म्हनला होता, काळीत पीक घेतात, घर पांढरीत बांधतात. काळी उन्हात आकसते आन् पान्यानं फुगते. तिच्यावर जे ठेवलं ते हालते. आपलं समदं गाव त्याच्यासाठीच पांढरीच्या मातीत वसलं हाय. हे वऱ्हाडातल्या लेकराले ठाऊक असते. तुले बी होतं. पुन्याले जाऊन तू ते पेटीत ठेवून दिलं.

तुह्यं मोजनं बरोबर हाय. जमीनच हालून राहिली. दांडेकराची माफी माग.

मांगच्या खेपेला मी चिचेपाशी उतरून नत्थुजीची पहार मारली. वितभर मातीखाली मुरूम लागला, ठन्न वाजला. बैलाले तेच कळते. त्याचा पाय तिथं फसत नाई. मले वाटते तिथं पूल बी नको. नाल्याच्या तळाले दगड बसवून फरशी केली तर गाड्या पान्यातून पायापायानं निघून जातीन. मोठा पूर आला तर थांबतीन. पन हे मले वाटते. खरं का नाई ते तू पाह्य.

आई विचारते, तुह्या डोक्स्याले तेल लावते का कोनी.

तुहा,
देवीदास

•

अकोला, चैत्र वद्य ९, शके १७८६

चि. देवीदास यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

दांडेकराची माफी मागितली. तो रडला, मग मीही. दोघंही थकलो होतो.

मग आम्ही तीन दिवस फक्त विचारत फिरलो. एकतीस धुरकरी, दोन कोतवाल, आणि नाल्यावर धुणं धुणारी गोदाबाई म्हणून एक म्हातारी, तिनं तर चाळीस सालांचे पूर सांगितले. मग साहेबाला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, हे जमीन हलण्याचं कोणी सांगितलं? मी खोटं बोललो नाही. तो म्हणाला, त्या भावाला आणा, मला जागेवर पाहायचं आहे.

तुला हे किती जड आहे ते मी जाणतो. नाही आलास तरी रागावणार नाही. पण मला तो पहारीचा आवाज कागदावर काढता येत नाही.

वाट पाहतो.
भगवंत

•

अमरावती, वैशाख शुद्ध ६, शके १७८६

ती. दादास,
देवीदासचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आंग अजून आंबलेलं हाय. गाडीनं नाई, भेवानं.

घरी समदे विचारून राहिले, साहेबासमोर काय बोलला. मी काय सांगू. तुवा पाह्यलंच. तो घोड्यावरून उतरला आन् माही जीभ टाळूले चिकटली. म्हनून मी बाभळीची काडी घेतली आन् तुह्या खुंटीजवळच्या भेगेत सोडली. हातभर काडी गेली तरी बूड लागलं नाई. मग चिचेपाशी जाऊन पहार मारली. त्याले तेवढ्यानं समजलं असन असं वाटलं.

मग त्यानं विचारलं का मोठ्या पुरात फरशीचे दगड टिकतीन काय. तू माह्या तोंडाकडे पाह्यलं, मी तुह्या. आन् तुवा उलटून त्यालेच विचारलं, साहेब, तुमाले काय वाटते. तवा तो म्हनला, मले माहीत नाई. असा सरळ म्हनला, आन् टोपी काढून दगडावर बसला. दादा, मले त्या वक्ती कसं झालं ते सांगता येत नाई.

शाळेत गुरुजी विचारत आन् मी उभा राहो. छडी खाओ. मले येत नव्हतं असं समदे समजले. मले आधी जाऊन पाहा वाटे, पन पाह्याले जाऊ द्या असं म्हनता येत नव्हतं. माहीत नाई असं म्हनून खाली बसता येते हेच मले ठाऊक नव्हतं. म्हनून तवा मी बोललो, पावसाळ्यात पाहा लागते. समद्या दिवसात तेवढेच तीन शब्द.

त्यानं ते वहीत लिहिलं, तुह्यं नाव कमी कराच्या कागदावर सही केली नाई, आन् तुले पावसाळाभर नाल्यावरच ठेवलं. आबा म्हनतात ही बढती हाय. आई म्हनते ही शिक्षा हाय, पोरगं चार महिने घरी येनार नाई. मले दोघांचं बी खरं वाटते.

गोदाबाईनं सांगितलेल्या मोठ्या पुराची निशानी मी चिचेवर कोयत्यानं करून आलो. मानसाच्या छातीएवढी वर हाय. पानी त्या निशानीच्या किती खाली राह्यलं ते दर पुराले लिही. चिच मुरमात हाय, ती हालनार नाई.

आईनं तेलाची शिशी नत्थुजीपाशी देली. डोक्स्याले लाव, यंत्राले नको.

नाल्यावर माही आठवन राहू दे.
देवीदास