शीग लावलेली वाटी

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. कारण ऐकलंत तर हसाल. मॅकरोनी.

नोएडाच्या ऑफिसात माझं काम म्हणजे लोकांनी पाठवलेल्या पाककृतींमधली मापं ग्रॅममध्ये करणं. सुका पास्ता त्यात पक्का लबाड. नळ्यांचा कप वेगळा भरतो, पिळाच्या पास्त्याचा वेगळा, कारण मधे हवाच जास्त. म्हणून मी प्रत्येक प्रकार भरून काट्यावर ठेवून बघते. गेल्या आठवड्यात 'अंकलवाली मॅकरोनी' आली. पाठवणारी आर. के. पुरमच्या आपल्या क्वार्टरच्या वरच्या मजल्यावरची, लखनौवाल्यांची मुलगी. तीच तुमची गोड्या मसाल्याची मॅकरोनी, भातासारखं मोजून पाणी घालून कुकरला लावलेली. माप एवढंच: दोन कटोरी.

रविवारची सकाळ आहे, मी आठवीत. मी वाटी भरते, तुम्ही तिच्यावरून सुरीची पाठ फिरवून वरची मॅकरोनी डब्यात परत पाडता. "माप म्हणजे माप. हात सैल सोडायचा नाही." मग ती येते, माझ्याहून चार वर्षांनी लहान, स्टुलावर चढते, वाटी डोंगराएवढी भरते आणि तुम्ही म्हणता, "शाब्बास बेटा!" मला कधी शाब्बास म्हणालात ते आठवून पाहते आहे, आठवत नाही. जळफळाट तेव्हाही व्हायचा. पण वाटायचं, ती पाहुणी म्हणून तिला सूट, खरं शिक्षण माझं चाललंय.

वाटी सपाट की भरून, हे विचारायला मी तिला फोन केला. "दीदी, अंकल तो हमेशा शीग लगाके भरते थे," ती म्हणाली. "आपको तो पता ही होगा."

"हाँ हाँ, बिल्कुल," म्हटलं आणि फोन ठेवून शब्दकोश उघडला. शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढणारी रास. दिल्लीत वाढून माझे मराठी शब्द गळाले म्हणून तुम्ही चिडायचात. पण हा तर तुम्ही मला दिलाच नव्हता, बाबा. लखनौच्या मुलीला दिलात!

तुमची वाटी निदान माझ्याकडे आहे. दोन सपाट वाट्या एकशे चाळीस ग्रॅम भरल्या, शीग लावून एकशे नव्वद. पाणी तेवढंच ठेवून दोन्ही करून पाहिल्या. सपाट मापाची पाणचट झाली. इतकी वर्षं माझी अशीच होते आणि मी मसाल्याला दोष देत आले. शिगेची मात्र अगदी तुमची झाली. म्हणजे मला सपाट माप घोटायला लावून वरची मूठ मागाहून तुम्हीच टाकत असणार. सांगितलं का नाहीत? ओट्याशी उभ्या उभ्या कुकरमधूनच खाल्ली. रडूही आलं, पण रागाचं जास्त.

आज पाककृती तिच्या नावाने गेली. त्यात मी लिहिलंय, सुका पास्ता एकशे चाळीस ग्रॅम. लोकांची पाणचट होईल आणि ते तिला नावं ठेवतील. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. आकडा दुरुस्त करायला दोन मिनिटं पुरतात, आणि मी तासभर हे लिहीत बसले आहे.