देवळापुढच्या खांबावरचा चोक

मु. बेंबळी

राजमान्य बलभीम दाजींना, मेहुणी जगदेवीचा वाकून नमस्कार. (वाकून लिहिलंय, पर गुडघ्यापायी बसूनच केलाय. तेवढा गोड मानून घ्या.) सोनारीच्या भैरोबाच्या किरपेनं इथं आमी बऱ्या हाव. तुमचं पोट, आक्काचा राग आन् मोटार वायंडिंगचं दुकान, तिन्हीची खुशाली कळवा. कानाचं यंत्र घालता का? न्हाय घातलं तरी चालंल. पत्राला कान लागत न्हायत, म्हणून तर फोन सोडून कागद काळा करतीय.

तर इथं मारुतीच्या देवळापुढं दोन खांब हायत, त्यावर मोठाले पांढरे दिवे. सगळं गाव त्यांना हॅलोजन म्हणतं, फकस्त माझा पुतण्या रणधीर मेटल हॅलाइड म्हणतो. (आयटीआय केलंय ना त्यानं.) ह्या दिव्याला थेट लाइट सोसत न्हाय, मधी चोक लागतो. तुमाला म्या काय सांगावं, तुमचं आयुष्य तांब्याची तार गुंडाळण्यात गेलं. (आक्का म्हणती, तिला बी तसंच गुंडाळलं.) तर बायांच्या बाजूच्या खांबावर चोकच्या डब्यात पाल शिरली आन् दोघं बी गेले, पाल बी आन् चोक बी. आता नवा कुठला घ्यायचा म्हणून देवळात बैठक बसली. रणधीरनं बघायला म्हणून इलेक्ट्रॉनिक चोक आणून बसीवला. जेवणाच्या डब्यावाणी हलका. दिवा थरथरत न्हाय, लाइट कमी खातो, व्होल्टेज पडलं तरी उजेड तसाच. आवाज तर न्हायच. न्हाय तर तो जुना तांब्याचा! दळणाच्या डब्याएवढा जड, तापला की पापड भाजावा, आन् दिवस मावळला की नुसता घूं करीत बसतो, जेवल्यावर तुमी करता तसा. गावानं माना डोलावल्या. म्या बी डोलावली. उजेडाशी मतलब.

दगडाबाई ध्यानात हाय का? माझी शेजारीण. तुमच्या लग्नात तुमच्या मिशीवर गाणं रचलं ती. आमच्या भजनात पुढं तीच म्हणती. पेटीवाले मास्तर बदलून गेले तवापासनं आमचं भजन नुसतं टाळ-पखवाजावर चालतंय. तर शनिवारी त्या नव्या चोकखाली दगडाबाईनं तोंड उघडलं आन् अभंग जो चढाया लागला, तो माळवदावर जाऊनच थांबला. निम्म्या बाया मधीच गप झाल्या. दगडाबाई माझ्यावरच खेकसली, "जगे, टाळ नीट वाजीव, माझा सूर पळीवतीस!" म्या म्हणलं, "पळाला आसंल तर शिवंपातुर गेला आसंल, सकाळी हुडकू." पुढच्या शनिवारी बी तीच तऱ्हा. मग तिथं मुंग्या निघाल्या म्हणून सतरंजी गड्यांच्या खांबाखाली वढली. त्या खांबावर अजून जुना चोक घूं करीत व्हता. आन् काय सांगू दाजी, दगडाबाईचा सूर दावणीला बांधल्यावाणी जागच्या जागी! तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. पेटी गेल्यापासनं आमी बाया सूर त्या डब्याकडनंच घेत व्हतो. मागल्या साली तुमच्या भूमच्या भजन स्पर्धेत आमचं वाटोळं का झालं ते बी कळलं. तिथं हॉलात सगळे एलईडी, मुक्याची जात.

दगडाबाईला सांगितलं तर डाफरली, "माझा सूर माझ्या नरड्यात हाय, तुझ्या डब्यात न्हाय." पर चुलीपाशी बसून हळूच म्हणली, औंदा बी भूमला सूर सुटला तर टाळ मारुतीपुढं ठिवून देणार, परत तोंड उघडणार न्हाय. म्या म्हणलं, "गाव पेढे वाटंल." ती हसली न्हाय. (ती हसली न्हाय की मला जेवण जात न्हाय. आमचे मालक गेले तवा रडाया लई बाया आल्या, पर महिनाभरानं दारात टाळ घिऊन उभी राहिली ती हीच.)

म्हणून दुसऱ्या बैठकीत म्या उठले. म्हणलं, वळवाच्या विजा कडाडल्या की हा नाजूक डबा टिकंल का? गेला की फेकूनच द्यायचा. तांब्याचा जळला तर आमचे दाजी परत गुंडाळून देत्यात. रणधीर बघतच राहिला. "काकू, हे कुठं शिकलाव?" म्या म्हणलं, "शाळेत. आमच्या टायमाला चौथीतच समदं उरकायचे." शेवटी ठरलं, गड्यांच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक आन् बायांच्या बाजूला नवा तांब्याचा. सुराचं कुणापाशी बोलले न्हाय. गड्यांचा सूर तसा बी कुठल्या चोकनं सुधरायचा न्हाय.

बाकी सगळं ठीक. आक्काला दंडवत सांगा. उत्तर धाडायची तसदी घिऊ नका, तुमचं अक्षर इथं कुणालाच लागत न्हाय.

तुमची जगदेवी

ता. क. — औंदाची स्पर्धा येत्या पुनवंला, तुमच्या दुकानामागल्याच हॉलात हाय. दुकानातला एक तांब्याचा चोक स्टेजच्या फळ्यांखाली ठिवा. दिव्याबिगर तो घूं करीत न्हाय म्हणं, तर दिवा बाहीर दारावर टांगा. उजेड दिला म्हणून तुमचा सत्कार बी हुईल. सूर जमंल का ह्याचा घोर करू नका. रणधीरला आडून विचारलंय, लाइट बेंबळीला आन् भूमला येकच, म्हंजी घूं बी येकच. कुणी इचारलं तर व्होल्टेजसाठी हाय म्हणा. आक्काला बोलू नका, तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाय.

आनखी ता. क. — हे लिहीस्तवर दगडाबाई पाठीमागं येऊन उभी राहिली आन् समदं वाचलं. म्हणती, झूट हाय, तिला असल्या डब्याची गरज न्हाय, दाजींनी जगदेवीच्या नादी लागू नये. पर ठिवणारच असतील तर म्हणावं जुनाच ठिवा, आमच्या खांबावरच्या नव्या तांब्याचा आवाज लई बारीक येतोय.