ताईचं औषध

प्रिय ताई,

कॅन्सरवरच्या किरणांच्या उपचारांनी आईचं तोंड आणि घसा सोलून निघालाय. नर्सबाईंनी मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्यात, दर दोन तासांनी. माझ्या हातून ती घेईना. शेवटी मी म्हणालो, "ताईनं फोनवर सांगितलंय." तेव्हापासून निमूट करते.

काल पुटपुटली, "घर सोडून गेली, तरी काळजी तिलाच. तू आपला पेला धरून उभा!"

तीन वर्षांत तुझा एक फोन नाही. मला मात्र दोन तासांपलीकडे कुठे जाता येत नाही, कामही सुटलं. तुला बोलवावंसं फार वाटतं. पण तुला खोटं बोलणं जमत नाही; आलीस, तर पहिल्याच वाक्यात तिला खरं कळेल आणि ती तोंड मिटून घेईल. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझ्या नावानं पाणी देणारा,
धाकटा