आमच्या घराण्याचं माप

३ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बातमी अशी की कारखान्यात मला डिझाइन विभागाची प्रमुख केलंय. वेगळी खोली मिळाली का, असं आई विचारणारच. मिळाली. खिडकीपाशी लांब टेबल, कोपऱ्यात वाफेचं यंत्र, आणि हाताखाली तिघं जण: एक चित्रं काढणारी, एक शिवणारी आणि लाकडी साचे कोरणारे सुतारकाका. साचा म्हणजे लाकडाचं डोकंच. दाबलेल्या लोकरीचं गरम ओलं फेल्ट त्यावर ताणलं की टोपीला आकार येतो.

आजवर आम्ही दुसऱ्यांच्या टोप्या बघून टोप्या करायचो. मालकांनी या एका हिवाळ्यापुरती स्वतःची डिझाइनं करायला परवानगी दिलीय. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात दुकानदारांनी मागणी नोंदवली तर खोली राहील. नाहीतर खोलीला कुलूप, मी परत विक्रीच्या टेबलावर आणि बाकीची तिघं घरी.

पहिला नमुना सोबत पाठवतेय. मध्यम माप, राखाडी रंग, काठ जरासा खाली वळलेला. प्रत्येक नमुना मी स्वतः घालून, आरशात बघून पास करते, तेव्हा चूक राहायचा प्रश्नच नाही. तुम्हाला ती बसणार नाही हे ठाऊक आहे. तुम्हाला आजवर कुठली टोपी बसलीय? पण दिवाणखान्यात खुंटीला तरी लावा.

आईला नमस्कार. लोभ आहेच, त्यात काटछाट नसावी.

आपली,
ठकू


१४ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. आ.

प्रमुख झालीस, छाती फुगली. लोकांना टोप्या घालण्याचा धंदा तू निवडलास तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. तो हात आता सन्मानाने खाली घेतो.

पण मुद्द्याचं ऐक. टोपी बसली. आयुष्यभर दुकानदारांनी माझ्या डोक्यावर टोपी टेकवून, मडक्यावर वाटी ठेवल्यासारखी दिसली की मान हलवून परत कपाटात ठेवली. ही सरळ कानांपर्यंत आली आणि थांबली. मी आरशासमोर किती वेळ उभा होतो ते तुझी आई वेगळं कळवेलच. जेवतानाही काढत नाही, अशी तिची तक्रार आहे.

संध्याकाळी बागेतल्या आमच्या बाकावर घालून गेलो. डॉक्टरांनी मागून घेतली, तर त्यांच्या नाकावर आली. मग निवृत्त न्यायाधीश, मग औषधवाले, सगळ्यांच्या नाकावर. हसून हसून पुरेवाट झाली. मी त्यांना सांगितलं की ही मध्यम मापाची आहे, म्हणजे तुमची डोकी मध्यमाच्याही खालची. न्यायाधीश तेव्हापासून माझ्याशी जरा तुटक बोलतात.

जेवणखाण वेळेवर कर. टोपी न काढता लिहिलेलं हे पत्र गोड मानून घे.

तुझा,
बाबा


२० सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दुसरं कुणी तुमचं पत्र वाचून हसलं असतं. मला दरदरून घाम फुटला.

तशीच उठले आणि चित्रकारीणबाईंना टोपी घालून दाखवायला सांगितली. भुवया गडप. आधी का नाही बोललात, असं विचारलं, तर म्हणाल्या की त्यांना वाटलं, डोळ्यांवर उतरणं हीच यंदाची फॅशन. आणि नव्या प्रमुखबाईंना विचारायचं कसं? शिवणारीलाही तसंच वाटलं होतं. जुना मध्यम साचा तडकला म्हणून सुतारकाकांनी नवा कोरला होता, आणि तो मी माझ्याच डोक्यावर बेतून ठरवला. आपलं डोकं घराण्याचं आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. स्वतःचं डोकं कुणाला मोठं वाटतं?

मालकांना मीच जाऊन सांगितलं. त्यांनी एक टोपी घातली आणि तिच्या आतूनच हुकूम सोडला की सगळे नमुने लहान करा. आता वाफ देऊन सगळे नमुने लहान साच्यावर चढवतोय. मापाला येतात, पण काठाची ऐट जाते, टोप्या दमल्यासारख्या दिसतात. दुकानदार अशा टोप्यांकडे ढुंकून बघणार नाहीत.

बाबा, मला भीती वाटते. माझ्या डोक्यापायी तीन माणसं घरी बसतील. आईला यातलं काही सांगू नका. तुमचा हात पाठीवर असू द्या.

आपली,
ठकू


२९ सप्टेंबर

चि. ठकूस,
अ. आ.

आईला न सांगण्याचा प्रश्नच उरला नाही, पत्र तिनेच फोडलं. ती म्हणते की चूक स्वतः जाऊन सांगितलीस तिथेच अर्धं काम झालं. मला मात्र वाईट वाटलं. तू तिकडे काळजीत, आणि मी इकडे बागेत तुझ्या चुकीची जाहिरात करत होतो.

पण एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची राहिली. सगळे हसत असताना पलीकडच्या बाकावरचा बेकरीवाला उठून आला आणि त्याने हळूच विचारलं की टोपी कुठे मिळाली. त्याचं डोकं माझ्याइतकंच दांडगं. दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाईंनी तेच विचारलं. दोघांनी घालून बघितली, दोघांनाही बसली. बेकरीवाल्याने परत देताना ती दोन्ही हातांनी दिली. आपल्यासारखी माणसं बरीच असतात ठकू. दुकानात एकदा हसं झालं की पुन्हा विचारायला जात नाहीत, म्हणून तुम्हा लोकांना ती माहीत नसतात.

बाकीच्या तुम्ही लहान केल्यात, म्हणजे या मापाची ही एकच उरली. सोबत पाठवतो. प्रदर्शनात टेबलावर मांड. खोटं कशाला लिहू, जिवावर आलं. खोकं बांधून झाल्यावर पुन्हा सोडलं, एकदा घातली, मग कायमचं बांधलं.

घाबरू नकोस. आम्ही दोघं आहोत.

तुझा,
बाबा


१९ नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल प्रदर्शन झालं. सकाळभर दुकानदार आले, आमच्या दमलेल्या टोप्या चाचपल्या, छान आहेत म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. छान म्हणजे नको, हे मी विक्रीत असतानाच शिकलेय. सुतारकाका सारखे खिडकीबाहेर बघत होते.

तुमची टोपी मांडायचा मला धीर होत नव्हता. दुपारी एक धिप्पाड दुकानदारीणबाई आल्या. जन्मभर टोप्या विकतात, पण स्वतः उघड्या डोक्याने. तेव्हा टेबलाखालून खोकं काढलं. बसणार नाही हे आधीच ठरवून त्यांनी ती डोक्याला लावली. ती खाली उतरली आणि जिथे थांबायला हवी तिथे थांबली. बराच वेळ त्या आरशात बघत राहिल्या. मग म्हणाल्या की या मापाच्या जेवढ्या कराल तेवढ्या पाठवा. बाहेर जाऊन त्यांनी कुणाकुणाला सांगितलं देव जाणे, संध्याकाळी टेबलापुढे मोठ्या डोक्यांची रांग लागली. जो तो म्हणत होता की त्याला वाटायचं, आपण एकटेच.

ती रांग बघून दुकानदारांनीही मागणी नोंदवली. खोली राहिली, बाबा. तिघंही राहिली. मालकांनी मलाही कायम केलं, पण यापुढे माझ्या डोक्यावर काही पास करायचं नाही या अटीवर.

तुमची टोपी मात्र त्या बाई घालूनच गेल्या. मला ती परत मागवेना. नवी पाठवतेच, पण आधी दुकानांची मागणी पुरी करायचा हुकूम आहे. रागावू नका. आईला सांगा की मी काल पोटभर जेवले.

तुमची लाडकी,
ठकू


१२ जानेवारी

चि. ठकूस,
अ. आ.

तुझ्या टोप्या आपल्या बाजारात आल्याचं औषधवाल्यांनी सांगितलं, म्हणून मला राहवेना. तू पाठवशील तेव्हा पाठवशील, म्हटलं विकतच घेऊ.

दुकानदाराने माझ्या डोक्याकडे पाहिलं. तो आता काय बोलणार हे मला पाठ आहे: तुमच्या मापाची करतच नाहीत. मी मनाची तयारी करून उभा. तर तो ओशाळून म्हणाला की तुमच्या मापाच्या होत्या, पण परवाच संपल्या. ऐकू आलं नाही असं दाखवून मी त्याला ते पुन्हा बोलायला लावलं.

संपल्या, ठकू. माझ्या मापाच्या टोप्या, आणि संपल्या. कडाक्याच्या थंडीत उघड्या डोक्याने गुणगुणत घरी आलो. तुझी आई म्हणते, टोपी न मिळाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस तिने जन्मात पाहिला नाही.

तू घाई करू नकोस. आधी त्या सगळ्यांना मिळू दे. मी रांगेत आहे.

तुझा,
बाबा