फोन वाजला की नाही

११ नोव्हेंबर, मंगळवार
आज वजनं. सोळा लेकरं आली, बाकीची आईबापाबरोबर गुजरातला ऊसतोडीला. सोळापैकी ॲपमध्ये गेली पाच. पाचव्यानंतर पडदा पांढरा, मग नुसतं गोल फिरत राहिलं. कमलबाई, आमच्या अंगणवाडीची मदतनीस, म्हणाली, "ताई, पोरं रडायला लागली, खिचडी वाढू का?" वाढ म्हटलं. फोन इतका तापला होता की हातात धरवेना.
अकरा वजनं वहीत लिहून घरी आणली, घरी बसून भरली. शेवटची दोन राहिलीच.
'जागा शिल्लक नाही' असं दिवसातून दहादा येतंय.

१२ नोव्हेंबर
पल्लवीचा जळगावहून फोन. कॉलेज बरं चाललंय, मेसची भाजी पातळ. तिला सांगितलं माझ्या फोनचं. "आई, त्यात जागाच नाहीये. फोटो उडव, व्हिडिओ उडव. व्हॉट्सॲपमध्ये काय काय साठवलंयस बघ तरी."
बघितलं. गुड मॉर्निंगच दोनशेच्या वर. गुलाब, गणपती, चहाचे कप. गेले सगळे. ह्यांच्या कांदावाल्या गटाचे व्हिडिओ पण गेले, फोन आधी ह्यांचाच होता.
दुपारपर्यंत बरा चालला. मग होता तसा.

१४ नोव्हेंबर
मायचा आवाज आला, नेहमीच्या वेळेला. मायला लिहिता येत नाही. सोनगीरला भाऊकडे असते. शेजारच्या सुनेनं तिला माइकचं बटण दाबून धरायला शिकवलं, तेव्हापासून रोज एक आवाज पाठवते. आजचा: "मंगल, आज भरीत करेल शे. तुनी याद उनी." मग बोट उचलायचं विसरली. पुढे नुसत्या कोंबड्या, आणि वहिनी भांडी घासतेय ते.
हसू आलं. उत्तर दिलं नाही, हातात काम होतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सुपरवायझर मॅडमचा फोन. "मंगलताई, तुमचंच केंद्र मागे आहे." म्हटलं, फोन चालत नाही. "बाकीच्यांचे चालतात ना."
आहाराची पाकिटं देताना प्रत्येकीचा चेहरा फोनमध्ये घ्यावा लागतो. एक बाई तान्हं घेऊन डोंगरावरच्या पाड्यातून आली होती. तासभर उभी. कॅमेरा उघडेना. "येईन परत" म्हणाली आणि गेली. रिकाम्या हाताने. एवढं चालून आली होती.
घरी येऊन रागाने उडवत सुटले. पल्लवीचा पहिलीतल्या गॅदरिंगचा फोटो तेवढा ठेवला. मायचे आवाज होते. वर सरकवत गेले तर पार गेल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत. म्हटलं, हे परत कोण ऐकतं? माय आहेच, रोज पाठवते. सगळे निवडले. फोनने विचारलं, नक्की का? हो केलं.

१८ नोव्हेंबर
काही फरक नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. सोनगीर
माय गेली. गुरुवारी.

२५ नोव्हेंबर
क्रमाने लिहिते. नाहीतर डोक्यात उलटसुलट होतंय.
मी आवाज उडवले त्यानंतर मायचा नवा आवाज आलाच नव्हता, तिचाही फोन अडत असेल म्हटलं. गुरुवारी सकाळी मायच्या छातीत दुखायला लागलं. भाऊने गाडीत घालून धुळ्याला नेलं. दवाखान्यातून त्याने मला चार फोन केले. पहिला दहा वीसला, शेवटचा अकरा पाचला. माय शुद्धीवर होती, माझ्याशी बोलायचं म्हणत होती. साडेअकराला गेली.
मी तेव्हा केंद्रात आहार वाटत होते. फोन हातातच. वाजला नाही. बाराला पार गोठला म्हणून बंद करून चालू केला, तेव्हा मेसेज एकदम आले, भाऊचा फोन येऊन गेला म्हणून. लावला. त्याने उचलला. मागे वहिनी रडत होती.
पिंपळनेरहून साक्रीपर्यंत जीप, पुढे एसटी. ह्यांनी पाण्याची बाटली दिली, ती धुळ्यापर्यंत तशीच हातात.
मायची नाकातली चमकी वहिनीने काढून रुमालाच्या टोकाला बांधून ठेवली होती. ती माझ्या हातात दिली.

२९ नोव्हेंबर
दहावं झालं. पल्लवी आली होती. रडत म्हणे, "मीच सांगितलं तुला उडव म्हणून." म्हटलं, तू फोटो म्हणाली होतीस. आवाज मी उडवले.
भाऊ माझ्याशी बोलत नाही. सांत्वनाला दारावर बसायला येणाऱ्यांशी बोलतो, ह्यांच्याशी बोलतो. मला जेव म्हणायचं तरी वहिनीला सांगतो. वडील गेले तेव्हा मी नववीत होते. पुढे मला शिकवलं ते ह्याच भाऊने, स्वतः शाळा सोडून.
आज मागच्या दारी तो एकटा होता. मीच विषय काढला.
"भाऊ, फोन वाजनाच नही."
"चारी येळ पुरी रिंग गयी. मी कानले लाईसन उभा व्हतू."
"मनाकडे नही वाजना."
"तूच सांगेल व्हतं ना, दुपारना पहिले फोन करू नको म्हनीसन."
सांगितलं होतं. राखीला आले होते तेव्हा. मधेच फोन आला की ॲप बंद पडतं, पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं, म्हणून. सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मायसमोर पण.
निघताना वहिनी म्हणाली, "ताई, त्यास्ना राग मनवर घेऊ नका. माय दोन येळ ईचारनी, मंगल उचलस नही का." हे मला का सांगितलं तिने? वाईट हेतूने नसेल. पण का सांगितलं.

३ डिसेंबर
केंद्रावर गेले. कमलबाईने सगळं झाडून ठेवलं होतं. जेवणानंतर, मायचा आवाज यायचा त्या वेळेला, हात आपोआप फोनकडे जातो. आज दोनदा गेला.
फोन आज चांगला चालला. एकदाही अडकला नाही. याचा इतका राग आला की

८ डिसेंबर, सोमवार
रजा काढून धुळ्याला. बसस्टँडच्या मागे एक म्हातारे गृहस्थ फोन दुरुस्त करतात, आधी रेडिओ करायचे. सगळे आबा म्हणतात. त्यांना म्हटलं, दुरुस्त नाही करायचा, मला फक्त विचारायचंय.
पहिलं, फोनमधली जागा भरली म्हणूनच तो अडकत होता का?
आबा म्हणाले, "ताई, ह्यात दोन जागा असतात. एक म्हणजे तुमचं कपाट समजा, आणि दुसरा स्वयंपाकाचा ओटा. फोटो, आवाज राहतात कपाटात. ॲप चालतं ओट्यावर. तुमच्या फोनचा ओटा वीतभर. कामाचं ॲप, कॅमेरा, व्हॉट्सॲप एकदम मांडलं की काहीतरी खाली पडणारच. कपाट रिकामं करून ओटा मोठा होत नाही."
"म्हणजे कपाट भरल्याने काहीच होत नाही?"
"होतं ना. गच्च भरलं की तेही अडतं. पण तुमचा खरा त्रास ओट्याचा."
दुसरं विचारलं, वर्षभराचे रोजचे आवाज, एकेक अर्ध्या मिनिटाचा, किती जागा खातात?
त्यांनी फोन चाळला. ह्यांच्या पुतण्याच्या हळदीचा व्हिडिओ होता, तो दाखवला. "ह्या एकाएवढेसुद्धा नाहीत."
तो व्हिडिओ मी ठेवला होता. माझ्या लक्षातच नव्हता.
तिसरं विचारायला वेळ लागला. आबांनी चहा मागवला. मग विचारलं, फोन आला आणि वाजलाच नाही, असं होतं का?
"होतं. गोठलेला असला की होतं. करणाऱ्याला रिंग जाताना ऐकू येते, इथे काही कळत नाही." त्यांनी त्या गुरुवारची यादी काढली. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. "चारपैकी तीन तर इथे पोचलेच नाहीत. हा एक पोचलाय. दहा चाळीसचा."
"तो वाजला असेल?"
"वाजला असेल. किंवा नुसताच दिसून गेला असेल. ते आता फोन बघून कळायचं नाही, ताई."
उठताना म्हणाले, आवाज तुम्ही उडवलेत, पाठवणाऱ्याच्या फोनमधून जात नाहीत ते. आईच्या फोनमध्ये असतील.
पैसे घेतले नाहीत.

९ डिसेंबर
वहिनीला फोन केला. मायचा फोन फळीवर आहे, तिच्या औषधांच्या डब्याशेजारी. भाऊ म्हणतोय, साफ करून शेतावरच्या सालदाराला देऊन टाकू, इथे कुणाला लागतो. म्हटलं, वहिनी, थांबवा. एवढंच करा.
"मी सांगी पाहास," म्हणाली. 'नक्की' असं काही म्हणाली नाही.

१४ डिसेंबर, रविवार
दहा चाळीस.
लिहूनच टाकते. गुरुवारी ती डोंगरावरची बाई परत आली होती. तान्हं झोळीत. तिचा चेहरा दोनदा नाकारला फोनने. तिसऱ्यांदा गोल फिरायला लागलं, होत आलं होतं, आणि वरून काहीतरी खाली उतरलं. हिरवं होतं. मी अंगठ्याने वर सारलं. बघितलं नाही काय आहे ते. त्या बाईला पुन्हा परत पाठवायचं नव्हतं.
तिचा चेहरा घेतला गेला. पाकिटं मिळाली. ती हसली, मला बरं वाटलं.
आवाज आला होता का? आठवून आठवून आता असं झालंय की आला होता असंही ऐकू येतं आणि नव्हता आला असंही. लेकरं गाणं म्हणत होती. मी फोन आवाजावर ठेवला होता की नव्हता? मॅडम भेटीला येणार असल्या की मी बंद करते. त्या दिवशी यायच्या होत्या का?
ह्यांना सांगितलं नाही. ह्यांना विचारलं, नवा फोन घेऊ या का. "कांदा निघू दे, बघू." ह्यांचा काय दोष.

१७ डिसेंबर
ॲपमध्ये सगळी वजनं गेली. मॅडम म्हणाल्या, छान. 

२१ डिसेंबर, रविवार
सोनगीरला जाऊन आले.
भाऊ शेतात, हरभऱ्याला पाणी देत होता. मी बांधावर बसले. त्याने पाहिलं, काम चालू ठेवलं. मग मीच म्हटलं, मायचा फोन मला हवाय.
"काबरं? तुनाकडे शेतस ना मायना बठ्ठा आवाज."
"नहीत. पुसी टाकात मी. जागा करासाठे."
महिन्यात पहिल्यांदा त्याने सरळ माझ्याकडे बघितलं. फावडं टेकवून उभा राहिला. मग म्हणाला, "मायना फोन बी भरी गयथा. लई धीरे चाले. मी सांगं, मंगलना जुना मेसेज पुसी टाक. तिनी तुना एक बी पुसू दिन्हा नही."
आलेच होते तर सगळं सांगायचं ठरवलं होतं. दहा चाळीसचं सांगितलं. हिरवं आलेलं, मी सारलेलं.
"म्हनजे वाजना."
"माले माहीत नही, भाऊ. खरंच माहीत नही."
त्याने पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. मातीचा बांध घातला, वरून पाय दिला. पाठमोराच म्हणाला, "फोन देवाव नही. आठेच राही. आयकनं व्हई ते आठे येत जा." म्हणजे ऐकायचं तर मी इथे यायचं.
घरी वहिनीने फळीवरून फोन काढून चार्जिंगला लावला. उघडायला किती वेळ घेतला त्याने. आधी सगळ्यात खालचे आले. ते माझे होते. एक लावला. "माय, कामात शे, मंग बोलस." दुसरा लावला. "माय, आत्ते नही, सांजले करस." तिसरा पण तसाच. चार-पाच शब्दांचे सगळे. हेच तिने पुसू दिले नव्हते.
वहिनी म्हणाली, "वर सरका ताई, वर मायना शेतस." सरकवला नाही. आज नको म्हटलं.
भाऊने मोटरसायकलवर हायवेला सोडलं. मी उतरले तरी गेला नाही, बस येईपर्यंत गाडीवर बसून राहिला. मी म्हटलं, "भाऊ, रविवारले येस."
तो रस्त्याकडे बघत होता, धुळ्याकडे जाणारी बस दिसते का म्हणून.