तीन शब्दांना यमक नव्हतं

बाळ्या,
पन्नाशी ओलांडलीस तरी आशीर्वाद घे.

परवा डॉक्टरीणबाईंनी मला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा एकही आठवला नाही. मग मी चौथीतली चोवीस ओळींची कविता न अडखळता म्हणून दाखवली. बाई हसल्या, तू मात्र चपलांकडे बघत बसलास. वाटेत म्हणालास, "अप्पा, एकटं राहणं आता पुरे. रविवारी न्यायला येतो."

खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

काल माझ्या आत्याकडे गेलो. ब्याण्णव वर्षांची, कंबरेत पार वाकलेली, पण चहा अजून स्वतःच टाकते. म्हणाली, "मेल्या, पाठ वाकली तर वाकू दे, पाठांतर वाकू देऊ नकोस. रोज एक नवी ओळ घाल डोक्यात. आणि पोरांना काय भितोस? तीच आपल्याला बघून भ्यालेली असतात."

ते तीन शब्द तूच मला वाटेत चिडून ऐकवलेस: किल्ली, दोरी, ढग. त्यांना यमक नव्हतं रे, म्हणून निसटले. आता लावलंय:

ढगाला बांधली दोरी,
किल्लीची झाली चोरी.

विचार कधीही.

हे पत्र टपालात टाकणार नाही, पाठ करतोय. रविवारी तू माझी बॅग भरायला आलास, की दारातच उभा करून पहिल्या शब्दापासून म्हणून दाखवीन. घाबरल्याची ओळ तेवढी विसरल्यासारखं करीन.

इथून न हलणारा,
तुझा अप्पा