रोपांचं बारसं आणि तुझं गाढव

ती. तोमासाताईस धाकट्या एलादिओचा नमस्कार.

तुझे गुडघे, भावोजींचा दमा आणि तुमच्या हालापातला पाऊस, तिघांचंही बरं चाललं असेल अशी आशा आहे. (तुझ्या पत्रात पहिली चौकशी कर्नलची आणि शेवटच्या ओळीत माझी, हे ओबदुलियाने मला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. बायको आहे, वाचणारच.) कर्नल ठणठणीत आहे. सांभाळायला ठेवलेलं गाढव इतकं ठणठणीत असू नये.

मागच्या वाळूच्या टेकाडावरचं जंगल तोडून आपल्या वडिलांच्या पिढीने गुरांसाठी कुरण केलं, आणि तेव्हापासून हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की ती वाळू आमच्या खानावळीवर चालून येते. दोन वर्षांपूर्वी ती मागच्या खिडकीला टेकली. आणखी थोडी सरकली असती, तर मासे तळायचं सोडून आम्ही नवराबायको तुझ्याकडे राहायला आलो असतो. (घाबरू नकोस, पुढे वाच.)

तेव्हा संशोधन केंद्रातली नोएमी म्हणाली, जंगल परत उभं करू, पण झाडं इथलीच हवीत, वाळूत तग धरणारी. गावाने मान डोलावली आणि आपल्या रीतीप्रमाणे आधी प्रत्येक रोपाला धर्ममाता-धर्मपिता नेमायला घेतले. झालं! झाडं राहिली बाजूला, मानपान सुरू. क्लोतिल्देकाकूंना लाल सालीचा पालो मुलातोच हवा, का तर फोटोत उठून दिसतो. खाटकाला नाकाश्ते हवा, कारण तो सगळ्यांत मोठा होतो. वाकड्या, खरबरीत ग्वासिमाचं नाव निघताच सगळे छताकडे बघायला लागले. "त्याची आई व्हायला मला काय वेड लागलंय?" इति काकू. नोएमीने तरी त्याचं बी पेरलं. एकही उगवलं नाही, तेव्हा गावाला हायसं वाटलं.

लावणीनंतर मेजवानी झाली, मोलेचा झणझणीत रस्सा झाला, उसाची दारू झाली, आणि निघताना कुंपणाचं फाटक लावायचं काम प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं. सकाळी बघतो तर कर्नल मधोमध उभा. तोंडात क्लोतिल्देकाकूंचा धर्मपुत्र, बाकीची लेकरं पोटात. काकू आठवडाभर काळे कपडे घालून माझ्या दारावरून गेल्या. मी त्याला टेकाडावरच लांब दोरीने बांधला, म्हटलं, आता खा वाळू. (चारा मीच नेतो. चर्चमागच्या ग्वासिमाची फळं लागतात साहेबांना.)

परवा त्याने खानावळीतलं टेबलावरचं कापड खाल्लं. बस्स. शनिवारच्या ट्रकने पाठवतोय, उतरवून घे.

तुझा,
एलादिओ

ता. क. ट्रक रद्द. पत्र वाचून ओबदुलिया म्हणाली, आधी खिडकीतून बघ, मग लिही. बघितलं. कर्नल जिथे जिथे बसायचा तिथे ग्वासिमा उभे आहेत, माझ्या खांद्याएवढे. मी त्यांना तण समजत होतो. नोएमी म्हणते, ते टणक बी गाढवाच्या पोटातून गेलं की मऊ पडतं, आणि वर खतही घरचंच. यंदा वाळू खिडकीच्या बरीच पलीकडे थांबली. (मला वाटलं, वारा दमला असेल.) ओबदुलिया खिडकीपाशी रडली. मीही रडलो, पण हे भावोजींना सांगू नकोस.

पुन्हा ता. क. ग्वासिमांचं बारसं रविवारी आहे. आई व्हायला क्लोतिल्देकाकूंसकट सगळ्या तयार आहेत, पण गाढव तुझं तर मान तुझा, आणि रीतीप्रमाणे मेजवानीही तुझीच. येताना भावोजींचं गाढव घेऊन ये. अर्धं टेकाड अजून उघडं आहे. फाटक या वेळी मीच उघडं ठेवतो.